आधी पाऊस मोजा, मग गिअर टाका!

गाडीचं वेड असणं हा काही गुन्हा नाही. पण खिशात किती पाणी आहे हे न बघता वेड केलं, की घरचा नळ कोरडा पडतो. नगरच्या मातीतून सुचलेला हा एक साधा हिशेब... गाडीवेड्यांसाठी, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठीही!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. खराडीतल्या ऑफिसमधून लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकून बाहेर पडायचं. वाघोलीच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या. शिक्रापूरला एक चहा. शिरूरला घोडनदी ओलांडली, की आपला जिल्हा सुरू! मग सुपा, केडगाव आणि थेट घर. पुणे ते नगर, जेमतेम सव्वाशे किलोमीटर. नगरची निम्मी तरुणाई हा रस्ता दर आठवड्याला तुडवते. काही जण एसटीने, काही शेअर टॅक्सीने. आणि काही जण मात्र केवळ गाडी चालवायला मिळावी म्हणून घरी जातात. (आईला अर्थात वाटतं, पोरगं तिच्या शेंगोळ्यांसाठी आलंय!)

मी या शेवटच्या जमातीतला. माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे. मारुतीने १९८५मध्ये आणलेली, लष्कराने वापरून वापरून अजरामर केलेली जिप्सी. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागे बसणाऱ्याच्या मणक्यांची गॅरंटी नाही. पण स्टार्टर मारला, की सोमवार ते शुक्रवारच्या सगळ्या मीटिंग्ज धुरासारख्या उडून जातात. ज्यांना हे कळलं त्यांना जास्त सांगायची गरज नाही. ज्यांना नाही कळलं, त्यांना सांगूनही उपयोग नाही!

तर ही गोष्ट त्या जिप्सीची. आणि तिच्यापायी एका रात्री माझी जी जिरली, त्याची.

रक्तातच पेट्रोल!

आम्हा नगरकरांना गाडीचं वेड कुठून येतं? उत्तर सोपं आहे. गावातच येतं. इथं लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे. म्हणजे रणगाडा हा प्रकार आम्ही इतरांसारखा फक्त २६ जानेवारीला टीव्हीवर बघत नाही. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था इथं आहे, तिचे टेस्ट ट्रॅक इथं आहेत. १९९४मध्ये सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम इथं आहे आणि त्यात रणगाड्यांच्या गर्दीत चक्क एक रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. शाळेच्या सहलीत ती बघितलेला पोरगा पुढे सरळ राहील, ही अपेक्षाच चुकीची!

शिवाय लूना. फिरोदियांच्या किनेटिकने १९७२मध्ये आणलेल्या त्या ५० सीसीच्या गाडीचं नगरशी घट्ट नातं. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांच्या आयुष्यातलं पहिलं इंजिन म्हणजे लूनाच. माझ्या वडिलांचंही. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी लूनावर नोकरी केली, संसार केला, ताईला आणि मला शाळेत सोडलं. या लूनाकडे आपण नंतर येणार आहोत. लक्षात ठेवा.

आता उत्तरेकडे चला. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव. उसाचं बिल जमा झालं की शोरूमच्या दारात गर्दी. पांढरी एसयूव्ही, काळ्या काचा, आणि नंबर? नंबर तर असा हवा, की बघणाऱ्याने वळून बघितलं पाहिजे. एमएच-१६ असो नाहीतर श्रीरामपूरची एमएच-१७, 'चॉइस नंबर'चा सोस सगळीकडे सारखा. ऑगस्ट २०२४मध्ये राज्य सरकारने चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाची फी ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. पाच लाख! नुसत्या आकड्याला! तेवढ्यात बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी दारात येते, पण सांगणार कुणाला?

२०२४मध्येच जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाटीवरचं नाव बदललं. टशन मात्र तशीच आहे.

'परवडतं' नावाचा गोड गैरसमज

आपल्या ऑफिसातल्या कुठल्याही गाडीवेड्याला विचारा, 'अरे, एवढी महाग गाडी कशी काय घेतलीस?' उत्तर एकच येईल, 'हप्ता बसतो यार!'

इथंच मेख आहे. हप्ता 'बसतो' म्हणजे गाडी परवडते, असं आपण धरून चालतो. हप्ता मात्र बसवावा तसा बसतो. फक्त वर्षं वाढवायची!

साधं उदाहरण घ्या. ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १६,६०० रुपये. 'जरा जड जातंय' म्हटलं, की समोरचा एक्झिक्युटिव्ह गोड हसून सात वर्षांचं गणित मांडतो. हप्ता १२,८७१! एकदम हलकं वाटतं ना? पण पाच वर्षांत तुम्ही व्याज भरता सुमारे १ लाख ९६ हजार आणि सात वर्षांत सुमारे २ लाख ८१ हजार. म्हणजे महिन्याला पावणेचार हजार 'वाचवण्यासाठी' आपण वर ८५ हजार मोजतो. एवढ्या पैशांत चार टायर, नवी बॅटरी आणि एक झकास कोकण ट्रिप आरामात झाली असती, बॉस.

आणि हप्ता ही फक्त सुरुवात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के रोड टॅक्स आहे. सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीची किंमतही आपल्यासाठी थांबत नाही. विम्याच्या तक्त्यात सहा महिन्यांनंतर ती १५ टक्क्यांनी उतरलेली धरतात आणि चार वर्षं ओलांडली की थेट ५० टक्क्यांनी! घर, सोनं, म्युच्युअल फंड... यांच्या शेजारी गाडीला बसवायचं नाही. गाडी ही गुंतवणूक नाहीच मुळी. ती हौस आहे. आणि हौस म्हणूनच तिचा हिशेब मांडला, तर ती छान निभावते.

सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी एकाच आठवड्यात बुकिंग केलं. कारण? 'स्वस्त झाली ना!' स्वस्त होणं वेगळं आणि आपल्याला परवडणं वेगळं. आईच्या भाषेत सांगायचं तर सेलमध्ये साडी स्वस्त मिळाली, म्हणून कपाटात जागा वाढत नाही.

जुनी गाडी, नवे खड्डे

'आम्ही कुठं नवी गाडी घेतोय? आम्ही तर जुनी घेऊन मॉडिफाय करणार!' असं म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. म्हणजे माझ्यासाठीच!

जिप्सी मी २०१९मध्ये घेतली. २ लाख ६० हजारांना. 'काही करायचं नाही, फक्त चालवायची' असं बायकोला सांगून. पहिल्याच महिन्यात मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि लग्नातल्या आचाऱ्यासारखी यादी दिली. क्लच प्लेट, ब्रेक, रेडिएटर, वायरिंग. ते झालं. मग टायर. मग सीट. मग हूड. मग मित्राने लावले म्हणून समोरचे मोठे लाइट बार. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं एक झालं की संपलं. पण जुन्या गाडीचं काम कधी संपत नसतं. ते फक्त पुढच्या शनिवारवर जातं.

तीन वर्षांत मी तिच्यावर किती खर्च केला? तेव्हा विचारलं असतं, तर 'असतील चाळीस-पन्नास हजार' असं ठोकून दिलं असतं. नंतर बसून बँकेचे मेसेज आणि पावत्या जुळवल्या. आकडा निघाला १ लाख ९५ हजार.

यात सरकारी खर्च वेगळा. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५च्या नियमानुसार वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला १०,०००. वर ग्रीन टॅक्स. म्हणजे 'जुनं ते सोनं' खरं, पण त्या सोन्याला घडणावळ फार!

आणि मॉडिफिकेशनचं काय? सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. काळ्या फिल्मवर तर २०१२पासून बंदी आहे. शिवाय विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. म्हणजे ज्या पैशांनी आपण गाडी 'बनवतो', तेच पैसे तिचं संरक्षण काढून घेऊ शकतात. माझे ते लाइट बार आज माळ्यावर आहेत. बायको त्यांना 'एकवीस हजारांचे आकाशकंदील' म्हणते.

तो एकवीस हजारांचा आकडा तिच्या लक्षात राहण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नाही.

ती रात्र

२०२२ची दिवाळी तोंडावर आली होती. त्याच्या काही महिने आधी ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडिलांना घ्यायचं का, असा मेल आला होता. वर्षाचा हप्ता १८ हजार. मी विचार केला, दादा ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात, पुढच्या वर्षी बघू. त्याच महिन्यात लाइट बार आले. एकवीस हजार. तेव्हा या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. एक ऑफिसचा मेल होता, दुसरी माझी हौस होती. दोघांचा संबंध काय?

ऑक्टोबरमध्ये एका रात्री अकरा वाजता ताईचा फोन आला. दादांच्या छातीत दुखत होतं, त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी जिप्सी काढली आणि नगर गाठलं. पहाटे डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी करावी लागेल. काउंटरवर पैसे भरायला सांगितले तेव्हा माझ्या खात्यात अकरा हजार रुपये होते. पगार व्हायला आठ दिवस बाकी होते. क्रेडिट कार्ड टायरच्या हप्त्यांनी आधीच भरलं होतं. आणि बाहेर पार्किंगमध्ये, नवेकोरे लाइट लावून, माझी साडेचार लाखांची जिप्सी दिमाखात उभी होती.

पैसे ताईने भरले. भाचीच्या इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडून. बिल सगळं मिळून २ लाख ७० हजार झालं. ताई मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

जिप्सी विकायचाही प्रयत्न केला. बघायला आलेल्या पहिल्याने दीड लाख सांगितले. मी त्याला लाइट, टायर, सीट, हूड सगळं दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, 'ते तुमची हौस म्हणून केलं ना साहेब? त्याचे पैसे मी कसे देऊ?' वाक्य जिव्हारी लागलं. पण खोटं नव्हतं.

दादा घरी आल्यावर एक दिवस मला म्हणाले, 'गाडी चांगली आहे रे तुझी. पण तिला वर्षाला किती लागतं?' मला सांगता आलं नाही. त्यांनी आईला कपाटातून एक वही काढायला सांगितली. लूनाची वही! कधी किती पेट्रोल टाकलं, पंक्चर कधी काढलं, प्लग कधी बदलला... अनेक वर्षांची नोंद, निळ्या शाईत. 'मला पण लूना आवडायची,' दादा म्हणाले. 'आवडायची म्हणून तर लिहून ठेवायचो.'

उसाच्या जिल्ह्यात ऊस न लावणारं गाव

नगरपासून तासाभराच्या आत हिवरे बाजार नावाचं गाव आहे. तुम्ही नाव ऐकलं असेलच. शाळेत असताना आमची सहल तिथं गेली होती. तेव्हा आम्ही डबे खाऊन, झाडाखाली क्रिकेट खेळून परत आलो होतो. त्या दिवाळीनंतर मात्र ते गाव मला नव्याने आठवलं.

हिवरे बाजार पर्जन्यछायेत येतं. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. एकेकाळी लोक गाव सोडून जात होते. १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, झाडं, बांधबंदिस्ती यांतून पाणी जमिनीत मुरवलं. २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण खरी गंमत पुढे आहे. पाणी आल्यावर हे गाव ते उधळत सुटलं नाही. ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं!

म्हणजे काय? पाऊस किती झाला ते मोजायचं. त्यातून गावाच्या हातात किती पाणी आलं, ते काढायचं. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, रोजच्या वापराचा. उरलेल्यातलं ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्यासाठी जमिनीतच ठेवायचं. मग ग्रामसभेत, सगळ्यांसमोर ठरवायचं, की यंदा कोणती पिकं घ्यायची. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना कात्री. शेतीसाठी बोअरवेल नाही. आणि ऊस? केळी? नाहीच!

विचार करा, हे कुठल्या जिल्ह्यात? ज्या जिल्ह्यात १९५०मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाने घराघरात पैसा आणला, त्याच जिल्ह्यात! ऊस वाईट आहे असं या गावाचं म्हणणं नाही. आपल्या पाण्यात तो बसत नाही, एवढंच. प्रवरेच्या कालव्यावर तो बसत असेल. आमच्याकडे कालवा नाही. विषय संपला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (एकवीस हजारांच्या लाइटने पडला नव्हता तेवढा!) पगार म्हणजे आपला पाऊस. आणि आपण करतो काय? आधी ऊस लावतो आणि मग ढगांकडे बघत बसतो. पाणी कमी पडलं, की क्रेडिट कार्डची बोअर मारतो. महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज... उद्याचं पाणी आजच उपसायचं. बोअर एक दिवस कोरडी पडते. माझी त्या काउंटरवर पडली.

पगाराचा ताळेबंद

आता हे आपल्या खिशात बसवून बघू. समजा, हातात येणारा पगार ६० हजार. पाऊस मोजून झाला.

पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. पुण्यातलं घरभाडं १५ हजार. किराणा, वीज, गॅस, मोबाइल १३ हजार. गावी आई-वडिलांना ५ हजार. टर्म आणि मेडिक्लेमचे हप्ते ३ हजार (आई-वडिलांचा मेडिक्लेम यातच, मी शिकलोय!). ऑफिसला जाणं-येणं ४ हजार. झाले ४० हजार. उरले २० हजार.

यातले ३० टक्के, म्हणजे ६ हजार जमिनीत मुरवायचे. हात लावायचा नाही. सहा महिन्यांच्या गरजेएवढे, म्हणजे २ लाख ४० हजार साठेपर्यंत हा रतीब चालू. फक्त याच पैशांवर गेलात तर त्याला तीन वर्षं चार महिने लागतात. म्हणून बोनस आला की त्यातला मोठा वाटा इथंच टाकायचा. बोनस म्हणजे अवकाळी पाऊस. त्याच्या भरवशावर पेरणी करायची नसते, पण तो पडला तर वाहून जाऊ द्यायचा नसतो!

राहिले १४ हजार. ही आपली शेती. त्यात ५ हजार एसआयपी, घराच्या डाउन पेमेंटसाठी. ५ हजार सिनेमा, हॉटेल, कपडे, लग्नाकार्याचे आहेर. आणि उरलेले ४ हजार जिप्सीचे.

फक्त चार हजार? मलाही असंच वाटलं होतं. पण वर्षाचे होतात ४८ हजार. आणि ते माझे, हक्काचे, कुणाला न लपवता खर्च करायचे! विमा आणि ऑइल बदलून झालं, की वर्षाला एकच मोठं काम. एका वर्षी ब्रेक आणि सस्पेन्शन, दुसऱ्या वर्षी टायर, तिसऱ्या वर्षी हूड. क्रमही ठरलेला. आधी थांबणारी गाडी, मग पळणारी, आणि सगळ्यात शेवटी दिसणारी!

माझ्याबाबतीत अर्थात हे लगेच सुरू झालं नाही. ताईचे पैसे फिटेपर्यंत जिप्सी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. चौदा महिने. दर शनिवारी नगरला यायचो, ताडपत्री उचलून तिच्याकडे बघायचो आणि पुन्हा झाकायचो. चौदाव्या महिन्यात शेवटचा हप्ता ताईच्या खात्यात टाकला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'आता काढ ती डबडी बाहेर. भाचीला चक्कर मारून आण.'

घरची ग्रामसभा

हिवरे बाजारच्या ताळेबंदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली? माझ्या मते, तो सगळ्यांसमोर मांडला जातो, ही. पीक कोणी एकट्याने ठरवत नाही.

आणि आपण? टायरची पावती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये लपवतो. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो. किंमत विचारली की निम्मी सांगतो. (हसू नका, तुम्हीही करता!) पैसे लपवून केलेल्या हौसेत एक बारीक ठुसठुस असते. मजा येते, पण पूर्ण नाही.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पोह्यांच्या बशा समोर घेऊन, अर्ध्या तासाची ग्रामसभा भरते. सदस्य दोन. एका वहीत तीन रकाने. पिण्याचं, मुरवायचं, शेती. बायकोच्या शेतीत तिची पॉटरी आहे, तिचे भट्टीचे पैसे आहेत. माझ्यात जिप्सी. ती माझ्या गिअर ऑइलवर बोलत नाही, मी तिच्या मातीवर बोलत नाही. कुणाला जास्त लागले, तर दुसऱ्याकडून उसने घ्यायचे आणि वहीत लिहायचे. सध्या माझ्यावर बाराशे रुपये कर्ज आहे. व्याज म्हणून रविवारची भांडी!

गाडीवेड्यांचा ताळेबंद : चटकन लक्षात ठेवा

० 'हप्ता बसतो का?' हा प्रश्न बाद. 'गरजा आणि बचत काढून काय उरतं?' हा प्रश्न विचारा.

० कर्ज घ्यायचंच असेल, तर मुदत कमीत कमी. सात वर्षांचा हलका हप्ता शेवटी जडच जातो.

० हौसेचा खर्च क्रेडिट कार्डच्या ईएमआयवर कधीच नाही. ही तुमची 'बोअरबंदी'.

० आई-वडिलांचा मेडिक्लेम आधी, अॅलॉय व्हील नंतर. यात चर्चा नाही.

० जुनी गाडी घेताना किमतीच्या वर दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा. आरसी, विमा आणि नोंदणीची मुदत तपासा. विश्वासातला मिस्त्री बरोबर न्या, मित्र नव्हे. मित्र 'घेऊन टाक' एवढंच म्हणतो!

० कोणताही बदल करण्याआधी आरटीओच्या नियमात बसतो का, हे विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मॉडिफिकेशनचे पैसे विकताना परत मिळत नाहीत, हे गृहीत धरा.

० अडीअडचणीचे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२०पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा या पाच लाखांच्या आकड्याचं मोल नगरकरांना चांगलंच कळलं.

० वही ठेवा. अॅप चालेल, एक्सेल चालेल, कॅलेंडरची मागची बाजूही चालेल. पण लिहा.

आणि आता...

परवाच्या शनिवारी दादांना घेऊन जिप्सीतून निघालो. जेऊरच्या बाजूला, इमामपूर घाटातून. दादा पुढे बसले होते, गुडघ्यावर घट्ट हात ठेवून. घाट चढून वर आलो, गाडी कडेला घेतली, थर्मासमधला चहा काढला. वारा सुटला होता. दादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हलकेच पाय लावून पाहिला, तसा तो सगळे बाप लावून बघतात.

'हे नवे टाकले का रे?' त्यांनी विचारलं.

'हो, मार्चमध्ये.'

'केवढ्याला?'

मी आकडा सांगितला. पूर्ण. निम्मा नाही.

ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, 'लिहिलंस ना?'

'लिहिलं.'

'मग चल. येताना मी चालवतो.'